न्युकूसचं तेल

कुणाचं तेल कुणाच्या चुलीपाशी निजतं, यावरून त्या रस्त्यावर ड्रायव्हरचा पत्ता लागायचा. एखाद्या बायकोनं, आमचे हे कुठवर पोचले, असं विचारलं तर कुणी गावाचं नाव सांगत नसे. "त्याची बादली काल ओग्दोकडं होती," एवढं म्हटलं की भागायचं.

रस्ता म्हणजे नदीच. नोव्हेंबरात ती गोठली की बंदरावरचे ट्रक तिच्या पाठीवरून खाणीकडं निघत आणि एप्रिलात बर्फ दगा द्यायला लागेपर्यंत ये-जा चाले. दिवसभराच्या वाटेनंतर एकेक लाकडी घर, तिथं चूल, चहा आणि झोपायला बाक. संध्याकाळी ट्रक अंगणात आला की ड्रायव्हरनं आधी चहाकडं बघायचं नाही, असा दंडकच होता. आधी रेडिएटरची तोटी सोडून सगळं पाणी बर्फावर वाहू द्यायचं. मग गाडीखाली शिरून, इंजिनातलं तेल ऊन आहे तोवर बादलीत काढायचं आणि ती बादली घरात आणून चुलीपाशी ठेवायची. बॅटरी काढून बाकाखाली सरकवायची. सकाळी सगळं उलट. तेल चुलीवर चढवून पातळ करायचं, इंजिनातून कढत पाणी नुसतंच खळखळू द्यायचं, खालून ऊन पाणी पडायला लागलं की तोटी बंद करायची, तेल ओतायचं आणि मग हँडल मारायचं. उणे पन्नासात याला दुसरा उपाय नव्हता. ज्यानं आळस केला त्याच्या इंजिनाचं पोट फुटलं, आणि फुटक्या इंजिनाची गोष्ट लोकांना तीन हिवाळे पुरली.

नदीच्या वळणावरचं घर ओग्दोचं. ती चाळिशीला आलेली, अंगानं थोराड, बोलायला फटकळ. नवरा एका उन्हाळ्यात जमीन तपासायला आलेल्या साहेबांबरोबर दक्षिणेला गेला तो तिकडचाच झाला. तिनं त्याच्या नावानं एक दिवस रडून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पाण्यासाठी तळ्यावर बर्फ तोडायला गेली. वाहतूक कचेरीनं सात वर्षांपूर्वी हा थांबा तिच्या हवाली केला, तेव्हापासून ती आणि तिचा म्हातारा बाप गाव्रील, दोघंच इथं राहत. गाव्रीलला झोप कमी आणि जीभ जास्त. चुलीतल्या विस्तवाची चुरचुर ऐकून तो पाहुण्यांची वर्दी द्यायचा, आणि ती बरोबर आली नाही तर ओल्या लाकडांना शिव्या घालायचा.

चुलीच्या डाव्या अंगाला, सरपणाच्या ढिगाला लागून, एका बादलीपुरती जागा होती. तिथं न्युकूसची बादली असायची. दुसरा कुणी आपली बादली तिकडं न्यायला लागला की ओग्दो खेकसायची, "तिथं नको, मला लाकडं काढायची असतात." लाकडं ती उजवीकडून काढायची, हे सगळ्यांना दिसत होतं. पण उणे पन्नासात चूल जिच्या हातात आहे त्या बाईला खोटं कोण पाडणार!

न्युकूस तीस वर्षं ट्रक चालवणारा जुना ड्रायव्हर. बायको देवाघरी गेलेली, मुलगी शहरात नांदत होती. पाच हिवाळे तो दर दहा-बारा दिवसांनी यायचा, बादली ठेवायचा, ओग्दोनं केलेल्या जाड धिरड्याचा पहिला तुकडा लोण्यासकट विस्तवाला द्यायचा आणि मग स्वतः खायचा. बोलणं बेताचं. "चहा छान." "वारा पडला." "येतो." पाच हिवाळ्यांतली त्याची सगळी वाक्यं गोळा केली असती तरी एका पोस्टकार्डावर मावली असती, वर पत्त्याला जागा उरली असती. त्या वाक्यांवर ओग्दोनं काय काय बांधलं होतं, ते तिचं तिलाच ठाऊक.

कारण हिवाळ्यात दोन ट्रकांच्या मधले दिवस फार लांब असतात. सूर्य अकराच्या सुमाराला झाडांच्या शेंड्यावर येऊन बसतो आणि दोन-अडीचला कंटाळून निघून जातो. बाहेर धुकं इतकं दाट की अंगणातला घोडा आधी ऐकू येतो आणि मग दिसतो. अशा वेळी ओग्दो खिडकीच्या काचेवर तळहात टेकून एक वाटोळं भोक वितळवायची आणि अंगणातल्या उंचवट्याकडं बघत राहायची. ट्रकांनी रोज संध्याकाळी सोडलेलं पाणी तिथल्या तिथं गोठून तो उंचवटा वाढायचा, जानेवारीपर्यंत कमरेला लागायचा. तांबूस, पिवळा, मध्येच निळा. बंदरावर भरलेलं पाणी वाटेतल्या घराच्या अंगणात सांडायचं, तिथल्या तळ्याचं पाणी इथं सांडायचं, आणि तिच्या तळ्याचं पाणी न्युकूसच्या इंजिनात बसून खाणीच्या बाजूला जायचं. पाणी असं घराघरांतून मुक्काम करत नदीभर हिंडतंय, हे तिला पहिल्यांदा सुचलं तेव्हा ती भांडी घासता घासता थांबली होती. आपण कुठं जात नाही असं आपल्याला उगाच वाटतं. आपलं तळं तर जातंय. दिवसभर त्याच्या पुढ्यात, लोखंडाच्या आड, ऊन होऊन बसतंय.

हे तिनं बापाला एकदा सांगितलं. गाव्रील म्हणाला, "तळ्याला तेवढं सुख आहे. तुझं काय?"

"आबा, चहा प्या."

"पितोय की. चहाच पितोय सात वर्षं."

त्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात न्युकूस खाणीकडून परतताना आला. सोबतीला सेमेन होता. नदीवर एकट्या ट्रकानं जायचं नाही हा नियम, म्हणून हे दोघे कायमचे जोडीदार. सेमेन तिशीतला, दोन पोरांचा बाप, आणि न्युकूसच्या वाटचंही तोच बोलायचा. पाणी सोडून, बादल्या आत आणून, घोड्याच्या मांसाच्या रश्श्याचे दोन वाडगे रिचवल्यावर त्यानं बातमी फोडली.

"ओग्दोताई, ही आमची शेवटची फेरी बरं का. खालच्या वळणावर नवं गॅरेज झालंय. तापतं गॅरेज! भिंतीतून नळ, नळातून वाफ. ट्रक रात्रभर आत उभे राहायचे, सकाळी नुसती किल्ली फिरवायची. ना बादली, ना हँडल. एक तारखेपासून सगळे तिकडं."

ओग्दोच्या हातातली पळी वाडग्याच्या कडेवर थांबली. "मग इथं?"

"इथला थांबा बंद. कचेरीचं पत्र येईलच तुम्हाला. आणि आमच्या दादांना तर बढती. शहरात नव्या ड्रायव्हरांच्या शाळेत मास्तर होणार. यांना बोलायला लावणार म्हणजे पोरांची कमाल!"

ओग्दोनं न्युकूसकडं पाहिलं. तो धिरड्याचा तुकडा विस्तवात टाकत होता, आणि तो टाकून झाल्यावरही हात तिथंच धरून बसला होता.

"खरं?" तिनं विचारलं.

"हो," न्युकूस म्हणाला. "उद्या निघू. उजाडल्यावर."

बाकीची संध्याकाळ सेमेननं खाल्ली. ओग्दो भांडी आवरत राहिली, आणि तिच्या डोक्यात एकच वाक्य येरझाऱ्या घालत राहिलं: एक दिवस याचं तेल तापू नये. फक्त एक दिवस. आपणच बादली ओसरीत नेऊन ठेवली तर? बाहेरच्या त्या थंड ओसरीत चार-पाच तासांत तेल थिजून काळं ढेकूळ होईल, ते वितळेपर्यंत दुपार, आणि दुपारी निघायचं म्हणजे अंधारात नदीवर सापडायचं. कुणी निघत नाही. एक दिवस मिळेल. एका दिवसात माणूस काहीतरी बोलेल. तो नाही बोलला तर आपण बोलू. मग तिला स्वतःचीच लाज वाटली. ड्रायव्हरचं तेल मुद्दाम गार करायचं! असलं पाप त्या नदीवर आजवर कुणा बाईनं केलं नव्हतं. ती पडद्यामागं जाऊन निजली आणि लवकर झोप लागावी म्हणून सरपणाचे ओंडके मोजत राहिली.

स्वप्नात अंगण खूप मोठं झालं होतं. पाच हिवाळ्यांतले सगळे ट्रक तिथं गोठ्यातल्या गायींसारखे पाय दुमडून बसले होते आणि त्यांच्या नाकांतून वाफ येत होती. ओग्दो त्यांच्यामधून अनवाणी चालत होती, पण पायांना गार लागत नव्हतं. प्रत्येकाच्या कपाळावर ती हात ठेवायची, तो ऊन लागला की पुढं सरकायची. शेवटी न्युकूसची बादली लागली. ती आत वाकून बघते तर तेलाच्या जागी तिचं तळं, जूनमधलं, काठावर पिवळी फुलं, आणि काठावर बूट काढून न्युकूस बसलेला. तो तोंड वर करून म्हणाला, "फार गरम होतंय, ओग्दो. जरा बाहेर ने." एवढं लांबलचक वाक्य त्याच्या तोंडून ऐकून तिला इतका आनंद झाला की तिनं बादली उचलली आणि तळं हिंदकळू न देता, पावलापावलानं, दाराकडं निघाली. दार उघडलं तर बाहेरही उन्हाळाच.

जाग आली तेव्हा पाच वाजले होते, चूल फुलवायची तिची रोजची वेळ. स्वप्नातला उन्हाळा अजून अंगावर होता. ती तशीच उठून चुलीपाशी आली, दोन लाकडं सारली, आणि सवयीनं डावीकडं हात नेला.

बादली जागेवर नव्हती.

सेमेनची होती, उजवीकडं, झाकणावर त्याचे हातमोजे वाळत घातलेले. न्युकूसची नव्हती. तिनं दार ढकलून ओसरीत दिवा धरला. बादली तिथं होती, कोपऱ्यात, लोकरी बुटांच्या शेजारी, वर पांढरं दव साचलेली. तिनं बोट लावलं. तेल थिजलेल्या तुपासारखं, बोट उमटलं आणि तसंच राहिलं.

म्हणजे आपण झोपेत चाललो. मनात आणलं आणि पायांनी ते केलंसुद्धा! ती दिवा धरून उभी राहिली, गारठ्यानं डोळ्यांतलं पाणी पापण्यांवरच गोठायला लागलं. पाहिजे होता तो दिवस समोर बादलीत घट्ट होऊन पडला होता. नुसतं दार लोटून परत निजायचं, की झालं. कुणी विचारलं तर मुंग्यांनी नेली म्हणून सांगता आलं असतं, इतका हा भोळा माणूस.

पण गार तेल बघून ओग्दोला राहवेना. सात वर्षं या हातांनी एकाही ड्रायव्हरचं तेल गार पडू दिलं नव्हतं. तिनं ती जड बादली दोन्ही हातांनी उचलून आत आणली, चुलीवर चढवली, तोंडाशी आणून ठेवलेली सगळी कोरडी लाकडं एकदम सारली आणि लाकडी दांड्यानं तेल ढवळत बसली. ढवळताना तिला रडू येत होतं. तेल आधी ढेकळासारखं फिरलं, मग मऊ पडलं, मग त्यातून घरभर तो वास दरवळला, न्युकूसच्या कोटाला असतो तो. सात वाजेपर्यंत ते पाण्यासारखं पातळ झालं होतं.

न्युकूस उठून बसला. त्यानं आधी दाराकडं पाहिलं, मग चुलीकडं. चुलीवरच्या बादलीकडं तो कितीतरी वेळ बघत राहिला.

"तापलं?" त्यानं विचारलं.

"तापलं," ओग्दो म्हणाली. झोपेतलं आपलं पाप याला कळलं तर नाही ना, या भीतीनं तिनं मान वर केली नाही.

"बरं," तो म्हणाला. एवढा लहान शब्द, पण तो म्हणताना त्याचे खांदे उतरले.

मग रोजचं सगळं झालं. पिंपातलं कढत पाणी बादल्याबादल्यांनी बाहेर गेलं. अंगणात वाफेचे ढग उठले. सेमेन गाडीचं थिजलेलं पोट तापवायला खाली स्टोव्ह फरफरवत, दात वाजवत, कुणाला तरी शिव्या देत होता. न्युकूसनं तेल उचललं. दारात तो घुटमळला, "चहा छान होता," म्हणाला, आणि गेला. चहा त्यानं घेतलाच नव्हता.

ओग्दो रिकाम्या बाकावर बसली. गाव्रील आपल्या कोपऱ्यातून तिच्याकडं बघत होता.

"आबा," ती हळूच म्हणाली, "मी रात्री झोपेत चालले का हो?"

"तू? तू घोरत होतीस. नदी फुटली की काय असं वाटलं मला."

"मग ती बादली?"

"कसली बादली?"

"न्युकूसची. ओसरीत होती. मी पहाटे आत आणली."

गाव्रीलनं चहाचा वाडगा खाली ठेवला. "आत आणलीस? अगं माझ्या राणी! त्यानं ठेवली होती ती. मी जागाच होतो. तू निजलीस, सेमेन निजला, आणि हा बाबा मांजरासारखा उठला, बादली उचलली, दार इतकं हळू उघडलं की विस्तवालासुद्धा कळलं नाही. परत येऊन बाकावर बसला तो तासभर बसूनच होता. मी म्हटलं, चला, तीस वर्षांच्या ड्रायव्हरनं आपलं तेल आपल्या हातानं गार घातलं, आता तरी या घरात कुणीतरी काहीतरी बोलेल. आणि तू ते तापवून दिलंस!"

ओग्दो ऐकत होती आणि तिचे कान तापत होते. पाच हिवाळे तो गप्प राहिला असं ती समजत होती. तो बोलला होता की, त्याच्या रीतीनं, लाज गिळून बोलला होता, आणि त्याचं बोलणं तिनं चुलीवर चढवून वितळवून टाकलं होतं.

बाहेर हँडलचा खडखडाट झाला, इंजिन खोकलं, परत खोकलं आणि लागलं. पाठोपाठ दुसरंही लागलं.

ती कोट न घालता धावली. अंगणात धूर आणि धुकं एकमेकांत मिसळून ट्रक अर्धेच दिसत होते. दोघे आपापल्या जागी चढून बसले होते. इंजिनांच्या धडधडीत तिची हाक तिलाच ऐकू येईना. मग तिनं हाकेचा नाद सोडला. ती न्युकूसच्या ट्रकापुढं बसली, तिला डोळे मिटून सापडली असती ती तोटी चाचपली आणि दोन्ही हातांनी फिरवून टाकली.

ऊन पाण्याचा लोट तिच्या गुडघ्यांजवळून बर्फावर सुटला. वाफ अशी उठली की ट्रक, घर, झाडं, सगळं नाहीसं झालं. त्या पांढऱ्या पोकळीत कुठूनतरी सेमेनचा आवाज आला, "अगं ताई! पाणी चाललं! दादा, गाडी बंद करा, इंजिन जळेल!"

इंजिन बंद झालं. दार वाजलं. वाफेतून न्युकूस आला आणि तिच्यापुढं उभा राहिला.

"ती बादली तुम्ही बाहेर ठेवली होती?" ओग्दोनं खालूनच विचारलं.

तो आपल्या बुटांकडं बघत राहिला. "हो."

"तीस वर्षांचे ड्रायव्हर ना तुम्ही? लाज नाही वाटली?"

"वाटली. झोप नाही लागली मग."

"आणि तोंड कशाला दिलंय देवानं?"

"बोलणार होतो. दिवस मिळाला असता तर." तो अडखळला. "तू तेल तापवून दिलंस. मला वाटलं, उत्तर मिळालं."

"गार तेल मला बघवत नाही, न्युकूस. कुणाचंच नाही." ओग्दो उठली. पदर नव्हता की पंचा नव्हता, तिनं ओले हात स्वेटरलाच पुसले. "पण तू गेलास तर मला इथं करमायचं नाही, गावात करमायचं नाही, कुठंच करमायचं नाही. मास्तर हो, नाहीतर आणखी कोण हो, जिथं जाशील तिथं चूल मीच पेटवीन. घे. बोलले एकदाची."

न्युकूसनं कोट काढून तिच्या खांद्यांवर टाकला.

"म्हणजे आता मी पण पाणी सोडू?" सेमेन खिडकीतून डोकं काढून ओरडला. "सकाळी नऊला? एकट्याला जाता येत नाही म्हणून? लोक काय म्हणतील मला?"

"सोड, सोड," गाव्रील दारातून म्हणाला. "आणि हातमोजे घाल आधी."

सेमेननं कपाळाला हात लावला आणि पुटपुटत खाली उतरला. थोड्या वेळानं त्याच्याही ट्रकाखालून वाफ निघायला लागली.

न्युकूस गाडीखाली शिरला होता. त्याचे फक्त पाय दिसत होते. बादलीत तेल पडण्याचा आवाज आधी जाड, मग बारीक होत गेला आणि थांबला. बर्फावरून सरकवत त्यानं बादली ओग्दोच्या पायांशी आणली.

"अजून ऊन आहे," तो खालूनच म्हणाला. "आत नेऊन ठेव. मी हात पुसून आलोच."